मॉरिशसच्या समुद्रातला 'धबधबा'

"मॉरिशसजवळ समुद्राच्या पोटात अवाढव्य धबधबा आहे, तिथे पाणी खोल दरीत कोसळतं," असा मजकूर फोटोसह वर्षानुवर्षे फिरतो आहे. असे बरेचसे फोटो खरे असतात आणि ते पाहून कुणालाही तसंच वाटेल. पण तिथे पाणी कोसळत नाही.

धबधब्याचं पाणी खाली पडतं, कारण त्याच्याखाली हवा असते. समुद्रात खालीही पाणीच असतं. मग वरचं तेवढ्याच घनतेचं पाणी पडणार कुठे?

दिसते ती वाळू. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, ल मॉर्न डोंगरासमोर प्रवाळखडकांच्या आतलं पाणी उथळ, म्हणून फिकट निळं. त्या खडकांपलीकडे समुद्रतळ एकदम खोल उतरतो आणि पाणी गडद होतं. प्रवाह वाळू नि गाळ त्या उताराकडे ओढून नेतात, त्यांचे पांढुरके पट्टे उंचावरून कोसळत्या पाण्यासारखे भासतात.

स्वतः पाहायचं तर उपग्रह-नकाशावर ल मॉर्न शोधा. हेच पट्टे दिसतील, पण समुद्राचा पृष्ठभाग सपाटच असेल. किनाऱ्यावरून तर काहीच दिसत नाही. हा देखावा उंचावरूनच, उदाहरणार्थ हेलिकॉप्टरमधून.

तिथे जाणार असाल तर 556 मीटरच्या त्या डोंगराला जरूर वेळ द्या. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांनी त्याच्या कड्याकपारींत आसरा घेतला होता. 2008 पासून तो जागतिक वारसा स्थळ आहे. मला तरी धबधब्यापेक्षा ही गोष्ट फार मोठी वाटते.