मेंदू, संगणक आणि त्यांच्यामधली तार: थेट जोडणीची पार्श्वभूमी

मानवी मेंदूतील विद्युत लहरींची पहिली नोंद जर्मनीतील येना येथे मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली घेतली. ती प्रसिद्ध करायला त्यांनी पाच वर्षे लावली आणि १९२९ मध्ये निबंध छापून आल्यावरही बहुतेक शास्त्रज्ञांनी त्याकडे संशयानेच पाहिले. केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी १९३४ मध्ये तोच प्रयोग करून दाखवल्यानंतर ईईजीला, म्हणजे डोक्यावरून मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवण्याच्या या पद्धतीला, मान्यता मिळाली. शरीर आणि संगणक यांच्या थेट जोडणीचा इतिहास येथून सांगण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण मेंदूचे संदेश टिपणे ही या कामाची एक बाजू झाली. यंत्र जोडल्यावर शरीर त्याला कसे सामावून घेते, किंवा कसे नाकारते, ही दुसरी बाजू माझ्या मते अधिक निर्णायक ठरली आहे.

त्या दुसऱ्या बाजूचा पहिला ठळक अनुभव १९५७ मध्ये पॅरिसला आला. आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी पूर्ण बहिऱ्या झालेल्या एका रुग्णाच्या श्रवणतंतूला विद्युत स्पंदने दिली. त्याला रातकिड्यांच्या किरकिरीसारखा आवाज ऐकू आला आणि सरावाने तो मोजके शब्दही ओळखू लागला. पुढे मात्र ते उपकरण शरीरात निकामी झाले. मेलबर्नमध्ये ग्रॅहम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक इलेक्ट्रोड (विद्युत संदेश देणारी किंवा टिपणारी टोके) असलेले उपकरण कानात बसवले आणि त्यातून आजचे कॉक्लिअर इम्प्लांट घडत गेले. निरोगी कानातील आवाज टिपणाऱ्या हजारो केसपेशींचे काम येथे जेमतेम वीस-बावीस इलेक्ट्रोडांवर सोपवलेले असते. तेवढ्या तुटपुंज्या संदेशांतून बोलणे समजायला लागते, ते मेंदू महिनोन्‌महिने शिकत राहतो म्हणून. २०१९ च्या अखेरीपर्यंत जगभरात सात लाखांहून अधिक कॉक्लिअर इम्प्लांट बसवली गेली होती. चेतासंस्थेशी थेट जोडलेल्या उपकरणांमध्ये इतका प्रसार क्वचितच एखाद्याचा झाला असेल.

मेंदूच्या याच शिकण्याचा नेमका पुरावा वॉशिंग्टन विद्यापीठातील एबरहार्ड फेट्झ यांनी १९६९ मध्ये दिला. माकडाच्या मेंदूतील हालचालींशी संबंधित भागात एका चेतापेशीजवळ इलेक्ट्रोड ठेवला होता. ती पेशी जितक्या वेगाने स्पंदने सोडेल तितका समोरच्या मीटरचा काटा सरके आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की माकडाला केळ्याच्या स्वादाची गोळी मिळे. सरावाने माकड त्या पेशीचा वेग आपणहून वाढवू लागले. या प्रयोगाला मी फार महत्त्व देतो, कारण यंत्राने मेंदू समजून घेण्याआधीच मेंदूने यंत्र चालवायला सुरुवात केली होती.

मेंदू-संगणक संवाद ही कल्पना संशोधनाचा स्वतंत्र विषय म्हणून मांडली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जॅक विडाल यांनी, १९७३ मध्ये. फारवेल आणि डोन्चिन यांनी १९८८ मध्ये ईईजीवरून पडद्यावरची अक्षरे निवडण्याची पद्धत तयार केली, तर नील्स बिरबाउमर यांच्या गटाने १९९९ मध्ये जवळजवळ संपूर्ण शरीर लुळे पडलेल्या रुग्णांना अशाच मार्गाने मजकूर लिहिता येतो हे दाखवले. लिहिण्याचा वेग अतिशय कमी होता. कवटीच्या बाहेर पोहोचेपर्यंत मेंदूतले संदेश क्षीण आणि एकमेकांत मिसळलेले असतात.

म्हणून संशोधक कवटीच्या आत गेले. यूटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांनी विकसित केलेली चार मिलिमीटर बाजूची चौकोनी चकती, तिच्यावर जेमतेम दीड मिलिमीटर लांबीच्या शंभर सुया, हे त्यासाठीचे साधन होते. मानेवरील हल्ल्यात हातापायांची हालचाल गमावून बसलेल्या मॅथ्यू नेगल या तरुणाच्या मेंदूत २००४ मध्ये, ब्राउन विद्यापीठाच्या जॉन डोनह्यू यांच्या प्रकल्पात, अशी चकती बसवली गेली आणि हाताची नुसती कल्पना करून तो पडद्यावरचा कर्सर हलवू लागला. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने, मनातल्या मनात लिहिलेली अक्षरे ओळखून, मिनिटाला नव्वद अक्षरांचा वेग गाठला.

या यशाबरोबर अडचणही आत शिरली. परक्या वस्तूभोवती मेंदूतल्या ऊती व्रण तयार करतात आणि कालांतराने संदेश मंदावतात. कडक सुयांऐवजी लवचीक धागे वापरण्यामागे हेही एक कारण आहे. पण जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंकने पहिल्या व्यक्तीत असे धागे बसवल्यानंतर काही आठवड्यांतच त्यांतले बरेचसे मागे सरकले आणि कंपनीला संदेश वाचण्याची पद्धत बदलावी लागली.

टिकण्याचा प्रश्न केवळ ऊतींपुरता नाही. सेकंड साइट या कंपनीचे आर्गस २ हे उपकरण चष्म्यातील कॅमेऱ्याचे दृश्य दृष्टिपटलावरील साठ इलेक्ट्रोडांपर्यंत पोहोचवत असे. अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये परवानगी मिळाली. कंपनीने २०१९ मध्ये त्याचे काम थांबवले आणि पुढच्याच वर्षी ती आर्थिक संकटात सापडली. तोवर साडेतीनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांत हे उपकरण बसलेले होते. चष्मा किंवा प्रोसेसर बिघडला तर तो दुरुस्त कोण करणार, याचे उत्तर त्यांना मिळेना. चिलीने २०२१ मध्ये मेंदूची क्रिया आणि तिच्यातून मिळणारी माहिती यांच्या संरक्षणासाठी राज्यघटनेत दुरुस्ती केली, हे मोठे पाऊल आहे. परंतु निर्माती कंपनी बंद पडल्यावर शरीरात राहिलेल्या उपकरणाची जबाबदारी कोणाची, याविषयी त्या दुरुस्तीत काही म्हटलेले नाही.