लगक्रम

चरणातील (कवितेच्या ओळीतील) लघू (ल) आणि गुरू (गा) अक्षरांचा क्रम म्हणजे लगक्रम. वृत्तबद्ध कवितेचे वृत्त त्यावरून ठरते. लघूची १ मात्रा (उच्चाराला लागणाऱ्या वेळाचे माप), गुरूच्या २.

अ, इ, उ, ऋ या स्वरांची अक्षरे लघू, दीर्घ स्वरांची गुरू. उच्चारित अनुस्वार किंवा विसर्ग असल्यास अक्षर गुरू. पुढच्या जोडाक्षराचा आघात ज्यावर येतो ते ऱ्हस्व अक्षरही गुरू, पण आघात खरोखर यायला हवा. ‘सज्जन’मधला ‘स’ गुरू, तर ‘तुझ्या’, ‘तुम्ही’, ‘कुऱ्हाड’ यांची पहिली अक्षरे लघूच. जोडाक्षर दिसले की मागे गुरूची खूण करणारे इथे हमखास चुकतात. चरणान्तीचे लघू अक्षर लांबवून गुरू धरतात.

गण (तीन अक्षरांचे गट) पाडताना शब्दांमधली जागा विसरून तीन-तीन अक्षरे घ्यावीत. रामदासांच्या मनाच्या श्लोकांतील दुसऱ्या श्लोकाचा पहिला चरण असा पडतो:

मनास । ज्जनाभ । क्तिपंथे । चिजावे

प्रत्येक गट ल-गा-गा, म्हणजे ‘य’ गण (‘यमाताराजभानसलगं’ या सूत्रातले ‘यमाता’). चार ‘य’ गण, १२ अक्षरे, २० मात्रा: हे भुजंगप्रयात. व्याकरणाच्या पुस्तकांत त्याचा यती (म्हणताना थांबण्याची जागा) सहाव्या अक्षरावर सांगतात. हा चरण मात्र म्हणताना पाचव्यानंतरच, ‘सज्जना’पाशी, थांबतो.

नुसत्या अक्षरसंख्येवर विसंबू नये. शिखरिणी, पृथ्वी आणि मंदाक्रांता या तिन्ही वृत्तांत १७ अक्षरे असतात. इंद्रवज्रा व उपेंद्रवज्रा (११ अक्षरे) यांच्यात फक्त पहिल्या अक्षराचा फरक. दोन्हींचे चरण मिसळले की उपजाती. म्हणून चारही चरण पाडून पाहावेत. एखादाच चरण अडला तर आधी छपाईवर संशय घ्यावा. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घ बदलण्याची मुभा कवीला शुद्धलेखनाच्या नियमांतही आहे, आणि मुद्रितशोधकाने ते ‘सुधारले’ की वृत्त मोडते.

लगक्रम चरणागणिक बदलतो, पण मात्रा जुळतात, तेव्हा रचना मात्रावृत्तात असते. पादाकुलकात ८+८ मात्रा येतात. ओवी-अभंगाला लगक्रम लावणे व्यर्थ, तिथे अक्षरे मोजायची. मोठ्या अभंगात ती ६, ६, ६, ४ अशी असतात. तुकारामांचे ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ मोजून पाहावे. बोलताना ‘सुंदर’, ‘ध्यान’, ‘कर’ यांतले शेवटचे अक्षर आपण अर्धवट उच्चारतो. ते पूर्ण धरले तरच हिशेब बसतो.