टप, मोटारगाडीचा : झीज आणि निगा

टप : उघड्या बांधणीच्या मोटारगाडीवर किंवा घोडागाडीवर कमानींच्या सांगाड्यावर ताणून बसवलेले आणि हवे तेव्हा मागे घडी करून ठेवता येणारे कापडी, कातडी अथवा रेक्झिनचे छत. मुंबईतील मोटारकामात त्याला सर्रास ‘हूड’ म्हणतात. रिक्षाच्या व जीपच्या छतालाही हाच शब्द आहे. प्रस्तुत नोंदीत टपाची झीज कशाने होते आणि मुंबईच्या हवेत ती कशी रोखता येते याचा मुख्यतः विचार केला आहे.

‘टप’ या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती संभवतात. एक, देशी ‘टोप’ (शिरस्त्राण, झाकण) या शब्दापासून. दुसरी, इंग्रजी ‘टॉप’वरून. इंग्रजी मूळ मानण्यास आधार असा, की ज्या गाड्यांच्या संदर्भात हा शब्द रुळला त्या व्हिक्टोरिया, फेटन इत्यादी घोडागाड्या इंग्रजी अमदानीतच आल्या. परंतु घडीच्या छताला ब्रिटिश इंग्रजीत ‘हूड’ म्हणतात. त्या अर्थाचा ‘टॉप’ प्रामुख्याने अमेरिकेतला. मुंबईच्या कारागिराने साहेबाच्या तोंडून शब्द उचलला असता तर तो ‘हूड’च असता, आणि पुढे मोटारीच्या बाबतीत नेमके तसेच घडले. शिवाय इंग्रजीतील हा स्वर बोली मराठीत सहसा ‘आ’कडे झुकतो (ऑफिसचे हापिस, लॉर्डचा लाट), त्या न्यायाने ‘टाप’ व्हायला हवे होते. ‘टोप’मधील ‘ओ’चा ‘अ’ होणेही सहज नाही, ही पहिल्या मताची अडचण. तरीही अर्थाची जवळीक पाहता ‘टोप’ अधिक ग्राह्य वाटते. कालांतराने अर्थ सरकला आणि एस.टी.च्या पक्क्या छतालाही टप म्हणू लागले. मूळ घडीचा अर्थ ‘टप पाडणे’, ‘टप चढवणे’ या प्रयोगांत टिकून आहे.

मुंबईत घडीचा टप सर्वांच्या नजरेत भरला तो व्हिक्टोरियावर. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये या गाड्या बेकायदा ठरवल्या. शहरात मोटार साधारणपणे १८९८ च्या सुमारास आली असे मानले जाते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारजोडणी सुरू केली, तोवर अमेरिकेत बंद बांधणीने बाजी मारली होती आणि कापडी टप हौसेची बाब होऊ लागला होता. रोजच्या कामातला टप त्यानंतर प्रामुख्याने जीपने टिकवला. महिंद्र कंपनीने चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस माझगावला जीपजोडणी हाती घेतली होती.

रचना : चांगल्या कापडी टपाची कडा कापून पाहिली की तीन थर दिसतात. वर ॲक्रिलिकचे किंवा तत्सम विणलेले कापड, मध्ये रबराचा पातळ काळा थर आणि खाली अस्तर. दोन कापडांमध्ये रबर कोंडण्याची ही युक्ती स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ मध्ये रेनकोटच्या कापडासाठी पेटंट केली. टपाचे कापड हा तिचाच वंशज. मॅकिन्टॉश यांचे नैसर्गिक रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत ताठ होई. हल्ली वापरतात ते ब्युटिल रबर तसे होत नाही. ॲक्रिलिकचा रंग धागा बनतानाच त्यात मिसळलेला असेल तर उन्हाने तो लवकर उडत नाही. दुसरा प्रकार व्हिनाइलचा, म्हणजे कापडावर पी.व्ही.सी.चा लेप. त्याला मऊपणा देणारी द्रव्ये उष्णतेने हळूहळू निघून जातात, मग टप आकसतो, कडक होतो आणि घडीवर तडकतो. ‘रेक्झिन’ हे मुळात सेल्युलोज नायट्रेटचा लेप दिलेल्या ब्रिटिश कापडाचे व्यापारी नाव. आपल्याकडे ते कोणत्याही लेपित कापडाला चिकटले. त्यामुळे दुकानात ‘रेक्झिन’ म्हणून मिळणारा माल बहुधा पी.व्ही.सी.चाच असतो, आणि निगा त्यानुसारच राखावी लागते.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पाणी अडवतो तो मधला रबरी थर. वरचे कापड नव्हे. वरचे कापड भिजून काळपट दिसू लागले म्हणजे टप गळतो असे नाही. मात्र भिजलेले कापड धूळ धरते, जड होते, बुरशीला जागा देते. खरी गळती सुरू होते शिवणीतून. सुई जिथून गेली तिथे रबराला भोक पडलेलेच असते, ते दोऱ्याने, पट्टीने आणि डिंकाने बंद राहते. दोरा कुजला की कापड शाबूत असूनही टप गेला. सुती दोरा यात सर्वांत आधी दगा देतो. पॉलिस्टरचा बराच टिकतो, पण उन्हाने तोही कालांतराने कमकुवत होतो.

झीज : टप सगळीकडे सारखा झिजत नाही. मागच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे घडी पडताना कापड सांगाड्याच्या दोन पट्ट्यांमध्ये चिमटते, तिथे बोट फिरवून पाहावे. आधी वीण गुळगुळीत होऊन चमकते, मग धागे विस्कटून पांढुरके दिसतात, नंतर मधून काळे रबर डोकावते. या तिसऱ्या अवस्थेपर्यंत थांबू नये. कारण बहुधा कापडात नसतेच. टपाच्या कडेचे लवचीक पट्टे सैल पडलेले असतात, त्यामुळे घडी होताना कापड आत ओढले जात नाही आणि सांगाड्याच्या पट्ट्यांच्या कात्रीत सापडते. पट्टे बदलण्याचा खर्च नव्या टपाच्या तुलनेत किरकोळ असतो. कमानींवरची गादी झिजून लोखंड कापडाला लागत असेल तर तीही बदलावी.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तरी टप पावसाने मरतो त्यापेक्षा अधिक ओला घडी केल्याने मरतो, आणि या नोंदीतले एवढे एक वाक्य जरी गाडीमालकाने पाळले तरी कित्येक टप वाचतील. घडीत अडकलेल्या ओलीला हवा लागत नाही; दोन-तीन दिवसांत कोंदट वास सुटतो, अस्तरावर करडे ठिपके येतात. आणीबाणीत ओला टप पाडावाच लागला तर त्याच दिवशी तो पुन्हा चढवून, काचा खाली करून, पंख्याखाली वाळवावा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टप चढवूनच ठेवावा. दीर्घकाळ घडीत राहिलेला टप आकसतो आणि मग पुढच्या चौकटीपर्यंत ओढताना शिवणीवर ताण येतो.

प्लॅस्टिकच्या कागदाने गाडी बांधून ठेवण्याची आपल्याकडची पावसाळी सवय टपाला घातक आहे. आतल्या वाफेचे पाणी होऊन ते कापडावरच बसते. हवा खेळणारे आच्छादन घ्यावे आणि तेही धूळ झटकल्यावरच घालावे, नाहीतर वाऱ्याने हलणारे आच्छादन धुळीसकट कापड घासत राहते. बांधकामांची धूळ मुंबईत बारमाही आहे, आणि सिमेंटची धूळ ओली झाली की क्षारधर्मी होऊन बसते. समुद्रालगत, मरीन ड्राइव्ह किंवा वरळीसारख्या भागात मिठाचे कण विणीत शिरतात. त्यांना ओल धरून ठेवण्याची खोड असते.

झाडाखालची सावली उन्हापासून वाचवते, पण झाड पाहून. मुंबईच्या रस्त्यांवर वर्षावृक्ष पुष्कळ आहेत आणि त्यांना पिठ्या ढेकणाचा उपद्रव झालेला आहे. या किडीचा चिकट गोड स्राव खाली ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. असा डाग किंवा पक्ष्यांची विष्ठा वाळू न देता कोमट पाण्याने भिजवून सोडवावी, खरवडू नये.

धुलाई : आधी कोरड्या टपावर मऊ ब्रश विणीच्या दिशेने फिरवून धूळ काढावी, मग साधे पाणी आणि सौम्य, क्षारविरहित साबण. साबण पूर्ण निघेपर्यंत खंगाळणे घासण्याइतकेच महत्त्वाचे. सर्व्हिस स्टेशनवरचा जोराचा फवारा शिवणीवर आणि खिडकीच्या कडेवर मारू देऊ नये. ब्लीचने बुरशी जाते खरी, पण दोराही जातो. कापडावर मेण किंवा चकाकी आणणारे तेलकट द्रव्य लावू नये. धुतल्यावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर वरचा जलरोधक लेप शाबूत आहे; ते पसरून मुरू लागले की टप पूर्ण वाळवून फ्लोरोपॉलिमरचा फवारा पुन्हा द्यावा. मुंबईत हे काम एप्रिल-मेमध्ये करणे सोयीचे. व्हिनाइलला हा फवारा उपयोगाचा नाही, त्याला अतिनील किरण रोखणारे पाण्यावर आधारित द्रव्य लागते.

मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल तर ती कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. धुळीचा प्रत्येक कण ओरखडा काढतो. माझदाच्या पहिल्या पिढीतील एम.एक्स.-५ सारख्या गाड्यांत खिडकीला चेन असते. टप पाडण्याआधी ती उघडून खिडकी सपाट खाली सोडायची असते. चेन नसलेल्या गाडीत घडीत मऊ कापड घालावे.

गाडीत पाणी साचले की दोष टपाला दिला जातो. पुष्कळदा तो पन्हळीचा असतो. टपाच्या पायथ्याशी पाणी वाहून नेणारी पन्हळ व नळ्या असतात; गुलमोहराची बारीक पाने तिथे बसली की पाणी उलटे आत येते. पावसाळ्याआधी आणि मध्ये एकदा नळीतून मऊ, जाड नायलॉनची दोरी फिरवून वाट मोकळी करावी. तारेने नळी फाटते.

लहान भोक आतून ठिगळ लावून बुजवता येते, मात्र भोवतालची वीण घट्ट असेल तरच. शिवण उसवली असेल तर कुशनवाल्याकडे जुन्याच भोकांतून नवा दोरा घालून घ्यावा. मशीनवर नवी टीप मारली तर शेजारी भोकांची दुसरी रांग पडते आणि पाण्याला दुसरी वाट मिळते.