जुन्या वाड्याचे पूर्वीचे मालक आणि रहिवासी कसे शोधावेत : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

पुण्याच्या शनिवार, नारायण किंवा कसबा पेठेतील एखाद्या वाड्याचे गेल्या शंभर वर्षांत कोण मालक होते आणि तेथे कोणकोणती बिऱ्हाडे राहून गेली, हे एका अर्जावर एका कार्यालयात कळत नाही. हक्काची नोंद भूमी अभिलेख खाते ठेवते, खरेदी-विक्रीचे दस्त दुय्यम निबंधकाकडे असतात आणि कर कोणाकडून वसूल करायचा याची नोंदवही महापालिकेकडे असते. प्रत्यक्ष राहणाऱ्याची नोंद ठेवणे हे मात्र यांपैकी कोणाचेच मुख्य काम नसल्यामुळे ती विखुरलेली सापडते. म्हणून हाती आलेला प्रत्येक कागद मुळात कशासाठी लिहिला गेला होता, हे आधी पाहावे. नाहीतर वर्षानुवर्षे घरपट्टी भरणारा दूरचा नातेवाईक मालक म्हणून गृहीत धरला जातो.

पहिले काम : सिटी सर्व्हे नंबर

दारावरच्या पाटीवरील घर क्रमांक महापालिकेचा असतो. शोधासाठी लागतो तो नगर भूमापन क्रमांक, म्हणजे बोलीतला सिटी सर्व्हे नंबर, आणि तो जुन्या खरेदीखतावर, सनदेवर (भूमापनानंतर शासनाने दिलेल्या हक्काच्या पत्रावर) किंवा नगर भूमापन कार्यालयातील नकाशावर मिळतो. वाटण्या झाल्यावर एका क्रमांकाचे पोटहिस्से पडतात, तर कधी शेजारचे क्रमांक एकत्र केले जातात. त्यामुळे वाड्याच्या सध्याच्या हद्दीत येणारे सर्व क्रमांक नकाशावरून उतरवून घ्यावेत आणि प्रत्येकाचा स्वतंत्र शोध घ्यावा.

मिळकत पत्रिका आणि तिच्यामागचे कागद

मिळकत पत्रिकेची, म्हणजे प्रॉपर्टी कार्डाची, नक्कल मागण्यासाठी अर्जदार मालक किंवा वारस असावा लागत नाही. डिजिटल स्वाक्षरी असलेली पत्रिका महाभूमीच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळते, परंतु इतिहास शोधणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये. संगणकीकरणापूर्वीच्या हस्तलिखित पत्रिकेची प्रमाणित नक्कल नगर भूमापन अधिकारी किंवा तालुक्याचे उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे नक्कल अर्ज करून घ्यावी. अर्जात पेठ, सिटी सर्व्हे नंबर, कोणत्या काळातील कागद हवा आहे आणि नकलांची संख्या लिहावी. सोबत ओळखपत्राची प्रत ठेवावी आणि शुल्काची पावती जपून ठेवावी.

पत्रिकेच्या वरच्या भागात क्षेत्र, धारणाधिकार (जमीन कोणत्या प्रकारच्या हक्काने धारण केली आहे), हक्काचा मूळ धारक, पट्टेदार आणि इतर भार (गहाण किंवा तत्सम बोजा) असतात. खाली तारीखवार फेरफार, म्हणजे हक्कातील बदलांच्या नोंदी, येतात : दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक आणि नवीन धारक. ‘व्यवहार’ या रकान्यात वारसाने, खरेदीने, बक्षीसपत्राने की न्यायालयाच्या हुकूमनाम्याने नाव लागले, हे कळते आणि पुढचा कागद कोठे शोधायचा तेही त्यावरूनच ठरते. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल, तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची मॅनेजर म्हणून नोंदलेली आहे. तिच्या मागे भाऊ आणि पुतण्यांचेही हिस्से असू शकतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान मुलाच्या वतीने पालनकर्त्याचे नाव लागलेले आहे. ही दोन-तीन अक्षरे नजरेतून सुटली, तर वंशावळ चुकीच्या शाखेत जाते.

पत्रिकेपेक्षाही बोलका कागद म्हणजे चौकशी नोंदवही. भूमापनाच्या वेळी चौकशी अधिकाऱ्याने हक्क कोणाचा ठरवला आणि तो कशाच्या आधारे, हे तिच्यात असते. कित्येकदा सर्व्हेच्या आधीच्या मालकाचे नाव फक्त येथेच सापडते. म्हणून नक्कल अर्जात चौकशी नोंदवहीचा उतारा आणि सनद यांचा स्पष्ट उल्लेख करावा, कारण न मागितलेला कागद कोणी आपण होऊन देत नाही. गावठाणातील घराला स्वामित्व योजनेतून पत्रिका मिळाली असेल, तर ती अलीकडच्या ड्रोन मोजणीवर आधारलेली असते आणि जुन्या मालकांविषयी ती जवळजवळ मौन बाळगते.

दुय्यम निबंधक कार्यालयातील सर्च

नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ नुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक १ आणि त्याची सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येते. अलीकडच्या वर्षांची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये मिळते. जुन्यासाठी कार्यालयात शोध अर्ज करून वर्षवार बाडे पाहावी लागतात. बँकेसाठी वकील साधारण ३० वर्षांचा सर्च घेतात. घराच्या इतिहासासाठी तो अपुरा पडतो, म्हणून पत्रिकेवरील फेरफारांच्या तारखा पुढ्यात ठेवून नेमक्या त्या वर्षांचाच शोध मागावा. त्यात पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात.

इच्छापत्रांबाबत एक तरतूद फारशी ठाऊक नसते. नोंदणीकृत इच्छापत्राची नक्कल ते करणाऱ्याच्या हयातीत त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. त्याच्या मृत्यूनंतर मात्र ती कोणाही अर्जदाराला देता येते. अर्थात इच्छापत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि तोंडी वाटणीचा दस्तच नसतो, त्यामुळे सूचीत काही सापडले नाही याचा अर्थ व्यवहार झालाच नाही असा होत नाही.

राहणाऱ्यांचा शोध

भाडेकरूंसाठी सर्वांत उपयुक्त नोंद महापालिकेच्या कर आकारणी विभागात असते. आकारणीच्या जुन्या उताऱ्यांत मालकाबरोबर भोगवटादाराचे, म्हणजे प्रत्यक्ष वापर करणाऱ्याचे, नावही येते, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये तर त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. हा उतारा मालकी सिद्ध करत नाही, परंतु अमुक वर्षी अमुक खोलीत कोण होते हे सांगतो. जुन्या मतदार याद्यांत घर क्रमांकासह प्रौढ रहिवाशांची नावे मिळतात. त्यांसाठी जिल्हा निवडणूक कार्यालयाकडे अर्ज करावा आणि त्यात मतदारसंघ व वर्ष लिहावे.

भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची सक्ती महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ ने आणली आणि हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधीची बिऱ्हाडे बहुतेक भाडेपावतीवरच चालत, आणि पागडी (भाड्याव्यतिरिक्त जागेसाठी घेतलेली एकरकमी रक्कम) घेणे तेव्हा बेकायदेशीर असल्यामुळे त्या व्यवहाराचा कागद कोणी मागे ठेवत नसे. मालक-भाडेकरूंचा दावा झाला असेल, तर लघुवाद न्यायालयाच्या दप्तरात खोल्यांच्या वर्णनासह नावे मिळतात. आपण त्या दाव्यात पक्षकार नसाल, तर नक्कल का हवी आहे ते सांगून न्यायालयाची परवानगी मागावी लागते. नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने घरोघरचे कागद नेले, त्यामुळे तेथे कार्यालयीन नोंदींवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.

पेशवाईतील आणि इनामाच्या नोंदींसाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात, ओळखपत्रासह लेखी अर्ज करावा आणि अभ्यासाचा हेतू स्पष्ट लिहावा. तेथील बहुतांश कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारा सोबत नसेल, तर नक्कल मिळूनही काम अडते.

कागद मिळत नसेल तर

जेथे नकलेची नियमित पद्धत आहे, तेथे आधी तोच अर्ज करावा. उत्तरच येत नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली १० रुपये शुल्कासह अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार तो एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. ‘त्रयस्थाची वैयक्तिक माहिती’ असे कारण देऊन नकार आल्यास कलम ८(३) पाहावे : २० वर्षांपूर्वीच्या घटनेविषयीची माहिती, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद हे अपवाद वगळता, द्यावी लागते, आणि जुन्या घरासंबंधीच्या बहुतेक नोंदी या मुदतीपलीकडच्याच असतात. मुदतीत उत्तर न आल्यास किंवा नकार मिळाल्यास ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करावे आणि त्यासोबत मूळ अर्जाची पोचपावती जोडावी.