सोनोग्राफीत जुळं दिसलं, तर पुढे काय?

(नौपाडा, ठाणे येथील आमच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये येणाऱ्या ताईंसाठी आणि घरच्यांसाठी)

एका काळ्या गोलाऐवजी पडद्यावर दोन दिसतात, प्रत्येकात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत असतं. बहुतेक ताई आधी हेच विचारतात, "दोन्ही नीट आहेत ना?" ठोके दिसले की आम्ही लगेच तुम्हालाही दाखवतो.

कधीकधी दोघांतलं एक बाळ पहिल्या तीन महिन्यांत आपोआप विरून जातं आणि दुसरं व्यवस्थित वाढतं. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. जिना चढल्याने किंवा लोकलने गेल्याने असं होत नाही. म्हणून पेढे वाटायला थोडं थांबा, असं आम्ही आपुलकीने सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वार (प्लासेंटा, म्हणजे पोटात बाळाला पोषण पुरवणारा भाग) एक की दोन, हे 14 आठवड्यांच्या आतच कळून घ्या. दोन बाळांमधला पडदा वारेला मिळतो तिथे जाडसर त्रिकोण दिसला, तर प्रत्येकाची वार वेगळी. पातळ पडदा सरळ काटकोनात टेकला, तर वार एकच. पुढे पोट वाढलं की ही खूण पुसट होते. वार एकच असेल तर एका बाळाकडे रक्त जास्त आणि दुसऱ्याकडे कमी जाण्याचा धोका असतो, म्हणून 16व्या आठवड्यापासून दर 15 दिवसांनी सोनोग्राफी लागते. प्रत्येकाची वार वेगळी असेल तर साधारण महिन्याने पुरते. रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं नसेल तर निःसंकोच विचारा, तो तुमचा हक्क आहे.

जुळ्यांत रक्त कमी होणं आणि बीपी वाढणं जास्त आढळतं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. बाळंतपण बऱ्याचदा 37 आठवड्यांच्या आसपास किंवा आधीच होतं, तेव्हा नवजात अतिदक्षता विभाग असलेलं हॉस्पिटल आत्ताच बघून ठेवा.

पोटावरून तपासणी असेल तर लघवी भरलेली लागते. घोडबंदरहून येणाऱ्यांनी घरून पाणी पिऊन निघू नये, ट्रॅफिकमध्ये फार हाल होतात. इथे पोहोचल्यावर प्या, आम्ही थांबतो.

मुलगा की मुलगी, हे जुळ्यांच्या बाबतीतही आम्ही सांगत नाही. 1994च्या कायद्याने तो गुन्हा आहे. कृपया विचारू नका.

रक्तस्राव झाला किंवा पोटात जोराचं दुखलं, तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट तुमच्या डॉक्टरांकडे जा. पहिला रिपोर्ट मात्र सोबत न्या.