सामायिक चित्रण-बफर

सामायिक चित्रण-बफर : पडद्यावर उमटायचे चित्र ज्यात तयार होते आणि जो एकाहून अधिक प्रोग्रॅम किंवा उपकरणे वापरतात, असा स्मृतिखंड. त्याचे वाटप, हस्तांतर व मुक्तता ग्राफिक्स ड्रायव्हर (चित्रणाची चिप चालवणारा प्रोग्रॅम) पाहतो. १९२० × १०८० बिंदूंची, दर बिंदूस ४ बाइट अशी एक फ्रेम ८२,९४,४०० बाइटांची होते; सेकंदाला ६० फ्रेमची नक्कल करायची तर सुमारे ५० कोटी बाइटांची नुसती ने-आण. म्हणून चित्र जागचे हलवीत नाहीत, त्याचा ताबा तेवढा देतात. (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या, पुढे टिफ्रॅक म्हणून ओळखल्या गेलेल्या संगणकाची मुख्य स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. अशा ८१० यंत्रांची स्मृती जोडली तर ही एक फ्रेम मावेल.)

लिनक्स या कार्यप्रणालीतील या व्यवस्थेचा उगम कोठे मानावा, याविषयी एकवाक्यता नाही. टंगस्टन ग्राफिक्समधील थॉमस हेल्स्ट्रॉम यांचा टीटीएम हा चित्रण-स्मृती सांभाळण्याचा आराखडा कल्पना म्हणून आधीचा, पण इंटेलच्या कीथ पॅकार्ड व एरिक अँहोल्ट यांचा जेम हा तसाच आराखडा कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधी आला (आवृत्ती २.६.२८, डिसेंबर २००८). टीटीएमला २.६.३१ (२००९) उजाडावी लागली. इंटेलच्या तत्कालीन चिपांना स्वतंत्र व्हिडिओ स्मृती नव्हती, त्यामुळे खंड इकडून तिकडे हलवणारी टीटीएमची यंत्रणा त्यांना जड वाटली. हे दोन विरोधी पंथ होते असे सांगण्याचा प्रघात आहे. मात्र एएमडीच्या रेडिऑन कार्डांच्या ड्रायव्हरने बाहेरून जेम, आतून टीटीएम अशी सांगड घातली, आणि स्वतंत्र स्मृतीच्या कार्डांसाठी इंटेलनेही पुढे टीटीएमच घेतला. भेद हार्डवेअरचा होता, तत्त्वाचा नव्हे, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

जेममध्ये सामायिक खंडाला ३२-बिट सार्वत्रिक क्रमांक मिळे (फ्लिंक). तो अंदाजाने ओळखणे सोपे. उपकरणाची परवानगी असलेला प्रोग्रॅम दुसऱ्याची विंडो वाचू शके. प्रोग्रॅमचे चित्र विंडो-व्यवस्थेकडे पोहोचवणारी डीआरआय-२ ही पद्धत याच क्रमांकांवर चाले. सुमित सेमवाल यांच्या डीएमए-बफ या सामायिकीकरणाच्या यंत्रणेत (कर्नेल आवृत्ती ३.३, मार्च २०१२) क्रमांकाऐवजी फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे ज्या त्या प्रोग्रॅमपुरताच चालणारा हवाला, आला. तो सॉकेटमधून (दोन प्रोग्रॅममधील संदेशमार्गातून) हातोहात द्यावा लागतो. शेवटचा धारक सोडेपर्यंत खंड मुक्त होत नाही. एक डिस्क्रिप्टर बंद करायचा राहिला, की स्मृतीची गळती सुरू.

खरी मेख समकालनात आहे. रेखाटन पुरे होण्याआधी पडद्याने बफर वाचला, तर अर्धवट फ्रेम दिसते. म्हणून काम संपल्याची खूण, फेन्स, लागते. अध्याहृत पद्धतीत फेन्स बफरलाच जोडलेले असतात. गिरगावच्या चाळीत सार्वजनिक नळापाशी बादल्यांची रांग लागे, तसे : माणूस घरात, नंबर नळापाशी. तक्रारही तीच, बफरचा निराळा कोपरा हवा असलेला, तांब्याभर पाण्याला आलेल्यासारखा, सगळ्या रांगेमागे तिष्ठतो. स्पष्ट पद्धतीत फेन्स ज्याच्या त्याच्या हाती असतो. अँड्रॉइड व व्हल्कन हा चित्रणाचा प्रोग्रॅमिंग-संच याच पद्धतीचे. वेलँड या लिनक्सवरील विंडो-व्यवस्थेत तिचा सध्याचा प्रोटोकॉल २०२४ मध्ये आला.

अँड्रॉइडसाठीचा आयऑन हा बफरांचा वाटपकर्ता २०२१ मध्ये मुख्य कर्नेलमधून निघाला; त्याची जागा डीएमए-बफ हीप्सनी घेतली. मॅकओएसमध्ये हे काम आयओसरफेस करते.