विमान नेमके कुठे होते? हवाई मोजणीची पार्श्वभूमी

ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक हाती आले, की इतक्या वरून काढलेल्या छायाचित्रावरून भिंतीची जागा कशी ठरवली, हा प्रश्न गावात हमखास निघतो. त्याचे उत्तर छायाचित्रापेक्षा ते टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या जागेत अधिक आहे.

विदर्भाचा मोजणीशी संबंध जुनाच आहे. उपखंडाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे (त्रिकोण आखून केलेल्या मोजणीचे) पहिले प्रमुख विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. पुढे विमानातून छायाचित्रे घेणे सुरू झाले, तरी जमिनीवरच्या बिंदूंवाचून भागत नव्हते. साधारण साठ टक्के एकमेकांवर येणाऱ्या छायाचित्रांत विहीर, देवळाचा कळस किंवा रस्त्याचा फाटा ओळखायचा, त्या बिंदूची जागा जमिनीवर मोजायची आणि त्यावरून विमान कुठे होते ते मागाहून गणिताने काढायचे, अशी ती उलटी वाट होती. काळ्या मातीच्या सपाट शिवारात अशा खुणा मोजक्याच सापडत. मेळघाटात तर झाडीमुळे जमीनच दिसत नसे.

उपग्रहांवरून विमानाचे स्थान थेट मिळवण्याचे प्रयोग १९८० च्या दशकात सुरू झाले आणि १९९५ मध्ये जीपीएस, म्हणजे उपग्रहांवरून स्थान सांगणारी अमेरिकेची यंत्रणा, पूर्ण क्षमतेने चालू झाली. तिच्या नागरी वापराच्या संकेतात अमेरिकेने मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये बंद झाली, या घटनेला लोकप्रिय लेखांत फार महत्त्व मिळते. मोजणीदारांना तिचे तितके अप्रूप नव्हते, कारण ज्याची जागा आधीच ठाऊक आहे अशा बिंदूवर उपग्रहांचे संकेत घेणारे दुसरे यंत्र ठेवून दोन्हींच्या नोंदींची तुलना केली, की ती चूक आधीही बहुतांशी निघून जात असे.

खरा गुंता 'विमानाचे स्थान' या शब्दांतच आहे. उपग्रह विमानाचे स्थान सांगत नाहीत, कॅमेऱ्याचे तर नाहीच; ते सांगतात विमानाच्या पाठीवरच्या अँटेनाचे. कॅमेरा मात्र पोटाशी असतो, त्यामुळे दोघांमधले अंतर आधी मोजून ठेवावे लागते, आणि विमान कलले की त्या अंतराची दिशाही बदलते. त्यात वेळेची भर पडते. सेकंदाला सत्तर मीटर जाणाऱ्या विमानात नोंद सेकंदाला एकदाच होत असेल, तर छायाचित्राचा क्षण दोन नोंदींच्या मध्ये कुठेतरी पडतो आणि त्या क्षणाचे स्थान हिशेबाने काढावे लागते. वेळ शंभरांश सेकंदाने चुकली तरी सत्तर सेंटिमीटरचा फरक पडतो. 'थेट मिळालेले स्थान' हे वर्णन म्हणूनच अर्धेच खरे आहे.

यातूनच जमिनीवरचे बिंदू वगळावेत का, हा वाद उभा राहिला. वगळले तर मनुष्यबळ आणि दिवस दोन्ही वाचतात, आणि दुर्गम जंगलात तोच मार्ग परवडतो. परंतु अँटेनाचे अंतर चुकीचे नोंदले गेले किंवा उंची ज्या पातळीपासून मोजायची ती वेगळी धरली गेली, तर सगळा नकाशा एकसारखा सरकतो आणि आतल्या आत सुसंगतच दिसत राहतो. पडताळणीपुरते तरी काही बिंदू ठेवावेत, हा आग्रह त्यामुळे जुन्या वळणाचा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही.

ड्रोन आल्यावर अंतरे लहान झाली आणि वेगही कमी झाला, पण हिशेब तोच राहिला. गावठाणांची सध्याची मोजणी २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेतली आहे. तिच्यात उड्डाणाआधी मालमत्तांच्या हद्दी चुन्याने आखतात, कारण कॅमेऱ्याची जागा कितीही नेमकी असली तरी दोन घरांमधल्या मोकळ्या बोळाचा मालक छायाचित्रात दिसत नाही. ही योजना वस्तीपुरतीच आहे. शिवारातले धुरे, म्हणजे शेतांच्या हद्दी, तिच्यात येत नाहीत, आणि गावांत सर्वाधिक गैरसमज आढळतो तो याच बाबतीत.